पिवळ्या धातूचे अडतीस मणी

पंचनाम्यात सोन्याला सोनं म्हणत नाहीत. सोनारानं तपासून दाखला देईपर्यंत ते 'सोन्यासारख्या दिसणाऱ्या पिवळ्या धातूचे' असतं, आणि चांदी असते 'पांढऱ्या धातूची'. हे मला २०१० च्या जानेवारीत कळलं, पोलीस ठाण्यातल्या लाकडी बाकावर बसून आईच्या बोरमाळेचं वर्णन वाचताना. 'एक बोरमाळ, पिवळ्या धातूचे मणी एकूण ३८, लाल रेशमी दोऱ्यात गाठवलेली, दोरा मळका, पैकी एक मणी इतरांपेक्षा रंगाने तांबूस.' आई शेजारी बसली होती. चष्मा घरी राहिला म्हणून मीच वाचून दाखवत होते. 'तांबूस' शब्दापाशी तिनं माझा हात धरला. "परत वाच," म्हणाली. मी परत वाचलं. मग तिनं डोळ्यांना पदर लावला. आठ महिन्यांत ती पहिल्यांदा रडली.

चोरी झाली ती २००९ च्या मे महिन्यात. मावशीच्या धाकट्या मुलाचं लग्न होतं, घरातले सगळे दोन दिवस बाहेर. मे महिन्यातल्या कुठल्याही घरफोडीची हीच गोष्ट असते. आलो तेव्हा मागच्या दाराचा कोयंडा उचकटलेला, कपाटातल्या साड्या जमिनीवर. चार बांगड्या गेल्या, मोहनमाळ गेली, बोरमाळ गेली आणि देवघरातला चांदीचा बाळकृष्ण गेला. लग्नात आईच्या गळ्यात फक्त मंगळसूत्र होतं. उन्हाळ्याचा प्रवास, एसटीची गर्दी, म्हणून बाकीचं सगळं तिनं जपून घरी ठेवलं होतं.

पैशाच्या हिशेबात बांगड्या मोठ्या. तेव्हा दहा ग्रॅमचा भाव पंधरा हजारांच्या आसपास होता, पण आमच्यासारख्या घराला तेव्हाचे पंधरा हजार म्हणजे काय, ते ज्यांनी तोळ्या-अर्ध्या तोळ्यानं सोनं साठवलं आहे त्यांनाच कळेल. तरी आईचा जीव अडकला होता बोरमाळेत. ती तिच्या आईची. आजोबांनी कोल्हापुरात गुजरीतून करून आणलेली. बोरमाळेचे मणी भरीव नसतात. सोन्याच्या पातळ पत्र्याचे पोकळ मणी करून आत लाख भरतात, त्यामुळे दिसायला भरगच्च आणि वजनाला हलकी. माझा भाऊ वर्षाचा असताना त्यानं आईच्या कडेवरून ती ओढली, दोरा तुटला, मणी अंगणभर पांगले. सदतीस सापडले. अडतिसावा गावातल्या सोनाराकडून करून घेतला. त्यात तांब्याची भेसळ जरा जास्त असावी, तो कायम लालसर दिसायचा. म्हणून दर वेळी गाठवून घेताना आई पटवेकऱ्याला सांगायची, हा मागं घाला, मानेवर, अंबाड्याखाली.

पंचनामा लिहिणाऱ्या त्या हवालदारांना यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. पण त्यांनी अडतीस मणी मोजले होते आणि त्यातला एक वेगळा आहे हे बघितलं होतं. पुढच्या आठ-नऊ वर्षांत या कारभाराचा मला अनेकदा राग आला, आणि त्यातला बराचसा अजून गेलेला नाही. पण त्या एका शब्दासाठी मी त्या माणसाची ऋणी आहे. त्या शब्दानं पुढं काय केलं ते सांगतेच.

चोर सापडला शेजारच्या जिल्ह्यात, दुसऱ्याच गुन्ह्यात. त्यानं दाखवून दिलेल्या एका सोनाराच्या दुकानातून पोलिसांनी माल काढला. बोरमाळ जशीच्या तशी होती. तिच्यात लाख असते, आटवायची तर आधी लाख काढा, एवढं करून सोनं थोडंसंच निघणार, म्हणून त्यानं ती नंतरसाठी बाजूला ठेवली असावी, असं तपासी अंमलदार म्हणाले. बाळकृष्णही सापडला. बांगड्या आणि मोहनमाळ मात्र आटली होती. सापडली ती ७२ ग्रॅमची एक लगड, बोटभर लांब, कडेला मुशीचा काळा डाग. आणि त्या लगडीत आमच्याबरोबर आणखी दोन घरांचं सोनं होतं.

"मिळालं ना मावशी तुमचं," ठाणे अंमलदार म्हणाले. मनापासून आनंदानं म्हणाले. आईनं हात पुढं केला. त्यांनी मान हलवली. "असं नाही देता येत. आता तो मुद्देमाल आहे."

मुद्देमाल हा शब्द आपण सगळेच वर्तमानपत्रात रोज वाचतो. 'दोन लाखांचा मुद्देमाल जप्त.' ही बातमी तिथं संपते. वाचणाऱ्याला वाटतं, चला, ज्याचं त्याला मिळालं. प्रत्यक्षात त्या दिवशी वस्तू चोराच्या ताब्यातून सरकारच्या ताब्यात जाते एवढंच. ती आता पुरावा असते. तिला नंबर पडतो, लेबल लागतं, त्या लेबलावर दोन पंचांच्या सह्या असतात, पांढऱ्या कापडात शिवून गाठीवर लाखेची मोहोर बसते. मालक मात्र फिर्यादी म्हणून बाहेरच्या बाकावर.

ती खोली मी एकदा दारातून पाहिली. मुद्देमाल कारकून म्हणून एक वयस्कर हवालदार होते, निवृत्तीला आलेले. खिडकी एकच, तीही बंद. कोयते, काठ्या, पत्र्याचे डबे, हातभट्टीचे कॅन, कागदात गुंडाळलेले कपडे, एक शिलाई मशीन, दोन दूरदर्शन संच, सायकलींची चाकं. प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. काही चिठ्ठ्या उंदरांनी कुरतडलेल्या, काहींवरची शाई उडालेली. "यातलं एक जरी कमी भरलं तर माझं पेन्शन अडकतं," ते म्हणाले. त्यांची बदली दोन वर्षांपूर्वीच व्हायला हवी होती, पण नव्या माणसाला चार्ज द्यायचा तर सगळा माल मोजून द्यायचा, आणि मोजायला कुणाला सवड नव्हती. मला त्यांच्यावर रागावता आलं नाही. त्या शिलाई मशीनवर कुणीतरी बाई घर चालवत असणार, हा विचार मात्र दिवसभर डोक्यातून गेला नाही.

बाहेर अंगणात गाड्या. तिथं रोज एक दूधवाले भाऊ यायचे. त्यांची मोटारसायकल चोरीला गेली होती, सापडली होती आणि त्याच अंगणात उभी होती. हँडलला धूळ, बॅटरी नाही, पुढच्या चाकात हवा नाही. पण मागं दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवायला त्यांनी स्वतः वेल्डिंग करून घेतलेले आकडे तसेच होते. ते मला ते आकडे दाखवायचे. "ताई, सबंध तालुक्यात असे आकडे दुसऱ्या गाडीला दाखवा." त्यांची अडचण अशी की आरसी बुक डिकीतच होतं आणि डिकी रिकामी सापडली. गाडी सोडवायला कागद पाहिजे, कागदाची नक्कल काढायला आरटीओत खेटे, तोवर दूध घालायला भाड्याची गाडी, आणि बँकेचा हप्ता जप्त गाडीचाही चालूच. सकाळचा रतीब झाला की ते यायचे, फडक्यानं सीट पुसायचे आणि जायचे. ताबा नव्हता, पण पुसायला कुणी हरकत घेत नव्हतं.

आम्ही वकील केला. तोवर मला वाटत होतं की आपली वस्तू परत मागायला अर्ज कशाला? पण कायद्याची रचनाच तशी आहे. तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहिता लागू होती, १९७३ ची. तिच्यातलं ४५१ कलम खटला चालू असताना वस्तूचा ताबा कुणाकडे द्यायचा ते सांगतं, ४५२ खटला संपल्यावर काय करायचं ते सांगतं, आणि पोलिसांनी जप्त केलेली पण कोर्टापुढं न आणलेली वस्तू असेल तर ४५७. वकिलांच्या ऑफिसात बसून मी ही कलमं मराठी अनुवादात वाचली. समोरच्या भिंतीवर लाल कापडात बांधलेली गाठोडी होती, आणि मला प्रत्येक गाठोड्यात कुणाची तरी बोरमाळ दिसत होती.

तिथंच त्यांनी मला एका निकालाची झेरॉक्स दिली. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य, १ ऑक्टोबर २००२. त्या खटल्याची पार्श्वभूमी वाचून मी हबकले. अर्ज करणारे स्वतः पोलीस कर्मचारी होते. पोलीस ठाण्यात ठेवलेल्या मुद्देमालातल्या किमती वस्तू काढून त्यांच्या जागी नकली ठेवल्या, पैशांचा अपहार केला, जप्त मालाचा परस्पर लिलाव केला, असे आरोप त्यांच्यावर होते. त्या निमित्तानं सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या देशाला सांगितलं की मुद्देमाल ठाण्यात साठवून ठेवूच नका. दागिने असतील तर तपशीलवार पंचनामा करा, फोटो काढा, त्यावर सह्या घ्या, गरज पडल्यास हजर करीन असं बंधपत्र आणि जामीन घ्या आणि वस्तू फिर्यादीला द्या. खटल्यात फोटो आणि पंचनामा पुरावा म्हणून चालेल. गाड्या वर्षानुवर्षं ठाण्यात उभ्या करून काही उपयोग नाही. आणि कुठल्याही परिस्थितीत वस्तू पंधरा दिवस ते एक महिन्याहून जास्त पोलीस ठाण्यात राहू नये.

पंधरा दिवस ते एक महिना. मी ते वाक्य पेन्सिलीनं अधोरेखित केलं. आमचा माल सापडून तेव्हा पाच महिने झाले होते. आणि तो निकाल येऊन साडेसात वर्षं.

त्याच्याही आधीची एक गोष्ट वकिलांनी सांगितली, ती आईला फार लागली. कर्नाटकातल्या बसव्वा पाटील नावाच्या बाईंची. त्यांचे दागिने चोरीला गेले, पोलिसांनी मिळवले, मॅजिस्ट्रेटपुढं आणले आणि सुरक्षित ठेवण्यासाठी परत पोलिसांकडे दिले. ठाण्यात ट्रंकेत ठेवले. पुढं ट्रंक उघडली तर आत दगड. चोरानं नेलेलं परत आलं आणि राखणदारांकडून गेलं. त्या बाईंना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. १९७७ साली न्यायालयानं सांगितलं की वस्तू राहिली नसली तरी ती सांभाळण्याची जबाबदारी सरकारची होती, आणि सरकारनं बसव्वांना दहा हजार रुपये द्यावेत. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दागिने नाहीच ना मिळाले त्यांना?"

मला वाटतं, हा प्रश्न या सगळ्या कायद्याच्या मुळाशी आहे. वस्तूची किंमत देता येते. वजनाला वजन देता येतं. पण माणूस परत मागत असतो ती ती वस्तू. दूधवाल्या भाऊंना त्यांच्या आकड्यांची गाडी हवी होती आणि आईला तिचा लाल मणी.

अर्जावर पोलिसांचा 'से', म्हणजे त्यांचं लेखी म्हणणं, यायला दोन महिने गेले. सरकारी वकिलांचा यायला आणखी एक. मग ज्याच्या दुकानातून माल निघाला त्या सोनारानंही अर्ज टाकला, की लगड माझ्या दुकानातून नेली, ती मला द्या. तेवढ्यात साहेबांची बदली झाली. नव्या मॅजिस्ट्रेट बाई आल्या, त्यांनी पहिल्याच तारखेला कागद वाचले आणि विचारलं, "बोरमाळेवर कुणाचा वाद आहे का?" कुणाचाच नव्हता. "मग ती इतके दिवस इथे का आहे?" कोर्टात कुणी काही बोललं नाही. त्याच दिवशी हुकूम झाला. बोरमाळ आणि बाळकृष्ण सुपुर्दनाम्यावर फिर्यादीस द्यावेत. लगडीचा निर्णय खटल्याच्या शेवटी.

आपल्याच दागिन्यासाठी जामीनदार शोधावा लागतो, याची आईला लाज वाटली. मामा उभे राहिले. त्यांनी सातबारा आणला. शंभराच्या स्टँप पेपरवर बंधपत्र टाइप झालं आणि आईनं ते शब्दन् शब्द ऐकून मग सही केली. 'सदर दागिना मी विकणार नाही, मोडणार नाही, गहाण टाकणार नाही, त्याच्या स्वरूपात कोणताही बदल करणार नाही, व कोर्ट हुकूम करील तेव्हा स्वखर्चाने हजर करीन.' मग फोटो. मुद्देमाल कारकुनांनी कापडाची शिवण ब्लेडनं उसवली, लाखेचा तुकडा टेबलावर पडला, आणि चौदा महिन्यांनंतर बोरमाळ आईच्या हातात आली.

तिनं ती गळ्यात घातली नाही. मोजली. अडतीस. मग दोन बोटांत धरून लाल मणी शोधला. दोरा अगदी विरला होता. मण्यांच्या मधे मधे त्याचे तंतू बाहेर आले होते, आणि लाखेचा एक कण एका मण्याला चिकटला होता. मी म्हटलं, उद्याच पटवेकऱ्याकडं जाऊ, गाठवून घेऊ. आई म्हणाली, "नाही जमायचं. स्वरूपात बदल करणार नाही म्हणून लिहून दिलंय."

मी तिला समजावलं. दोरा बदलणं म्हणजे बदल नव्हे, वकिलांनाही विचारते म्हटलं. वकील म्हणाले, घ्या गाठवून, काही होत नाही. आई ऐकायला तयार नव्हती. उद्या कोर्टात कुणी म्हणालं, दोरा लाल मळका लिहिलाय आणि हा तर कोरा आहे, तर? आणि विरलेल्या दोऱ्यावर घालायची तर तुटून मणी पांगायची भीती. एकदा सदतीस सापडले होते. म्हणून बोरमाळ त्याच पांढऱ्या कापडात, त्याच लेबलासकट, आमच्या कपाटात राहिली. घरातलीच वस्तू, पण मुद्देमालाच्या खोलीत असावी तशी. भावाचं लग्न झालं २०१२ साली. वरमाय म्हणून आई पैठणी नेसून उभी होती आणि गळा मोकळा. बायका विचारायच्या, सापडली म्हणे ना बोरमाळ? आई म्हणायची, "सापडली. अजून मिळायची आहे."

हे वाक्य तिनं सहज म्हटलं होतं. मला त्याच्याइतकं नेमकं अजून काही सुचलेलं नाही. कायद्यात ताबा आणि मालकी हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि सुपुर्दनाम्यावर मिळतो तो फक्त ताबा. बंधपत्र लिहून घेणारा कारकून ते पाच मिनिटांत टाइप करतो. त्याला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण खटला वर्ष-दोन वर्षांत संपेल असं धरूनच तो मजकूर कधीतरी कुणीतरी ठरवला असेल. आमचा खटला नऊ वर्षं चालला. त्यातली सात-आठ वर्षं एका बाईनं स्वतःच्या आईचा दागिना सरकारच्या वतीनं सांभाळला, आणि सरकारपेक्षा कितीतरी चांगला सांभाळला.

साक्षीचं समन्स आलं २०१६ मध्ये. दोन पंचांपैकी एक वारले होते. दुसरे साक्षीला उभे राहिले आणि म्हणाले, माझ्यासमोर काही जप्त झालं नाही, पोलिसांनी सही करायला सांगितली म्हणून केली. पंच फितूर होणं हे आपल्याकडं इतकं नेहमीचं आहे की कोर्टात कुणाची भुवईसुद्धा हलली नाही. त्या माणसालाही मी दोष देत नाही. सहा वर्षांपूर्वी रस्त्यावरून बोलावून सही घेतली, आता कामधंदा सोडून तारखांना या, समोर आरोपी उभा. पण आमच्या दृष्टीनं पायाखालची वाळू सरकली. माल आरोपीच्या सांगण्यावरून निघाला हेच सिद्ध होत नसेल, तर ही बोरमाळ आमचीच कशावरून? बचावाच्या वकिलांनी आईला तेच विचारलं. "बोरमाळा बाजारात हजारो मिळतात. हीच तुमची कशावरून?"

आई तेव्हा पासष्ट वर्षांची. आयुष्यात पहिल्यांदा कोर्टाच्या पिंजऱ्यात उभी होती. तिनं कापड उघडलं, बोरमाळ तळहातावर घेतली, आणि म्हणाली, "यातला एक मणी लाल आहे. तो दुसऱ्या सोनाराचा आहे. माझ्या पोरानं दोरा तोडला तेव्हा केलेला. फिर्यादीत मी सांगितलंय बघा." मॅजिस्ट्रेटनी फिर्याद पाहिली. २००९ च्या मे महिन्यात, चोरीच्या दुसऱ्या दिवशी लिहून घेतलेल्या जबाबात ते होतं. 'एक मणी नंतर केलेला.' आणि पंचनाम्यात होतं, 'एक मणी इतरांपेक्षा रंगाने तांबूस.' आधी फिर्याद, मग आठ महिन्यांनी दुसऱ्या जिल्ह्यातला पंचनामा. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन माणसांनी लिहिलेल्या दोन ओळी एकमेकींना येऊन मिळाल्या. जप्त करताना कुणीतरी नीट बघितलं होतं म्हणून.

मला या सगळ्यातून एवढंच कळकळीनं म्हणायचं आहे की घेताना जो बारकावा दाखवला, तो देतानाही दाखवा. जप्तीच्या वेळी पंच हवेत, वर्णन हवं, मोहोर हवी, वेळ हवी, 'सायंकाळी ५ वाजून २० मिनिटे ते ६ वाजून ४५ मिनिटे' असं लिहायला हवं. आणि परत देताना? तिथं मात्र कॅलेंडर कुणाकडंच नसतं.

आता ते कागदावर तरी आलं आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या ४९७ कलमात वस्तू कोर्टापुढं आल्यापासून चौदा दिवसांत तिचं वर्णन तयार करायचं, फोटो किंवा व्हिडिओ काढायचा, आणि त्यानंतर तीस दिवसांत तिची विल्हेवाट लावायचा, म्हणजे परत द्यायचा वगैरे, हुकूम करायचा असं स्पष्ट आहे. २००२ साली न्यायालयानं सांगितलेली गोष्ट बावीस वर्षांनी कायद्यात उतरली. मला त्याचा खरोखर आनंद आहे. आता पोलीसही ठिकठिकाणी समारंभ करून मुद्देमाल परत देतात. १९६१ साली २ जानेवारीला पंडित नेहरूंनी महाराष्ट्र पोलिसांना ध्वज दिला, तो पोलीस स्थापना दिन. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांत फोटो येतात. टेबलावर ओळीनं दागिने, मोबाइल, बाहेर मोटारसायकली, आणि एखादी बाई साहेबांच्या हातून मंगळसूत्र घेताना. काही जणांना असे फोटो देखावा वाटतात. मी त्यातल्या बायकांचे चेहरे निरखून बघते. त्या कॅमेऱ्याकडं बघत नसतात, हातातल्या वस्तूकडं बघत असतात.

निकाल २०१८ मध्ये लागला. चोराला शिक्षा झाली, सोनार संशयाचा फायदा मिळून सुटला, आणि सुटल्यामुळे लगडीवरचा त्याचा हक्क उलट जोरात पुढं आला. इथं ४५२ कलमातली पाचवी पोटकलम उपयोगी पडली. ज्या वस्तूबाबत गुन्हा झाला तिच्यात, ती बदलून किंवा रूपांतर होऊन जे काही झालं असेल तेही येतं. बांगडीची लगड झाली तरी कायदा तिला बांगडीच्याच मालकाकडं नेऊ शकतो. मला हे वाक्य फार आवडलं. ज्यानं लिहिलं त्याला आटलेलं सोनं काय असतं ते माहीत होतं.

तीन फिर्यादी. आमचं बांगड्या-मोहनमाळेचं गेलेलं साठ ग्रॅम, दुसऱ्यांचं पंचेचाळीस, तिसऱ्यांचं पंचाहत्तर. एकूण एकशे ऐंशी, आणि हातात बहात्तर. कोर्टानं त्याच प्रमाणात वाटणी केली, आमच्या वाट्याला चोवीस ग्रॅम. बोरमाळ आणि बाळकृष्ण 'अपील मुदतीनंतर फिर्यादीकडे कायम करण्यात यावेत'. अपील कुणी केलं नाही. मुदत संपल्यावर कोर्टाच्या नाझरांच्या समोर सोनारानं लगड कापली. छिन्नी, हातोडी, खाली कागद पसरलेला, तुकडे तराजूत, आणि कागदावर पडलेला कीससुद्धा तीन पुड्यांत वाटला. आम्ही तिन्ही घरची माणसं तेव्हा पहिल्यांदा एकमेकांना भेटलो. नऊ वर्षं आमचं सोनं एकत्र होतं आणि आम्हाला एकमेकांची नावं फक्त कागदावर माहीत. तिसऱ्या घरच्या आजी हातात तुकडा घेऊन बराच वेळ उलटा-सुलटा करून बघत होत्या. त्यात त्यांच्या पाटल्या होत्या, सुनेचं गंठण होतं, आणि कदाचित माझ्या आईची मोहनमाळसुद्धा. भाव एव्हाना तीस हजारांवर गेला होता. भाऊ हिशेब करत होता की चोवीस ग्रॅमचे आता किती, साठच्या तेव्हाच्या किमतीच्या जवळ गेले का. हिशेब बरोबर होता. आईनं तो ऐकला नाही. तिचा तुकडा तिनं रुमालात बांधला आणि म्हणाली, "चल, पटवेकऱ्याकडं जाऊ."

दूधवाल्या भाऊंना गाडी मिळाली होती की नाही, ते मला कधी कळलं नाही. त्यांना मी नंतर पाहिलं नाही. कोर्टाच्या आवारातून बाहेर पडताना त्या दिवशी मी पार्किंगमधल्या मोटारसायकलींच्या मागच्या बाजू बघत गेले, आकडे दिसतात का म्हणून.

पटवेकरी आता म्हातारे झाले होते. मुलगा मोबाइलचं दुकान चालवतो, हे मागच्या बाजूला एका खुर्चीत, पायाच्या अंगठ्याला रेशीम अडकवून बसतात. आईनं पांढरं कापड उघडलं. त्यांनी लेबल बघितलं, पंचांच्या सह्या बघितल्या, काही विचारलं नाही. कात्रीनं जुना दोरा कापला. तो कापल्यासारखा वाटलाच नाही, नुसता सुटला. मणी एका पितळी वाटीत ओघळले.

ते मोजायला लागले. "अडतीस," आई म्हणाली. तरी त्यांनी मोजले. नखानं एका मण्यावरचा लाखेचा कण काढला. मग लाल मणी उचलून उजेडात धरला.

"हा मागं घालायचा ना? दर वेळेसारखा?"

"नको," आई म्हणाली. "पुढं घाला. मधोमध."